उलटी शिकवणी

थोरलीची आई जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हा नवी आई घरात आली. थोरली आठ वर्षांची झाली आणि नव्या आईला दिवस गेले. बाबांचं चष्म्यांचं दुकान होतं, नवी आई लाँड्रीत इस्त्रीला जायची. बाई मनाने वाईट नव्हती. पण एका दुपारी थोरली शाळेतून आली, तर ही कपाटातला निळ्या फुलांचा जुना गाऊन पसरून कात्रीने त्याचे चौकोन कापत बसलेली.

"किती मऊ आहे बघ," ती म्हणाली, "बाळाच्या दुपट्यांना अगदी छान."

गाऊन थोरलीच्या आईचा होता. थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण गाऊन कुणाचा ते न सांगताच ती दप्तर टाकून बाहेर निघून गेली.

बाळाला पोटातही ऐकू येतं, असं बाबांच्या बहिणीने, आत्याने सांगितलं. मग जो तो पोटाशी वाकून लाडाचं बोलायला लागला. थोरलीनेही एकदा तोंड जवळ नेलं आणि हळूच सांगितलं, "आलीस तर बघ."

धाकटी आलीच. दुसऱ्या महिन्यात हसली, तीही थोरलीकडे बघून. थोरलीने तोंड फिरवलं. पाचव्या महिन्यात पालथी पडायला लागली, आठव्यात रांगायला. आणि रांगायची ती थोरलीच्याच मागे. नवी आई पुन्हा कामावर रुजू झाली. दुपारी घरात आत्या असायची, पण तिला ऐकू बेताचंच. शाळा सुटल्यापासून संध्याकाळपर्यंत दोघी बहिणींचंच राज्य.

दहाव्या महिन्यात धाकटी बोट दाखवायला लागली. बोट दिव्याकडे, नजर थोरलीकडे: हे काय?

थोरलीला हवं होतं ते सापडलं.

"बूट," ती म्हणाली.

मग चमचा झाला मांजर, दूध झालं टोपी आणि पाणी झालं भिंत. मास्तरीण चिकाटीची होती. पेला समोर धरायची आणि धाकटीने "भी" म्हटल्याशिवाय घोट द्यायची नाही. नव्या आईचा फोटो दाखवून तिने शिकवलं, "कात्री."

वर्षाची झाल्यावर एका संध्याकाळी धाकटी पहिल्यांदा आपली आपण चालली. नवी आई दारात चपला काढत होती. धाकटी डुगडुगत तिच्यापर्यंत गेली आणि हात पसरून म्हणाली, "कात्ती!"

"काकी म्हणते की काय तुला!" बाबा पोट धरून हसले.

नवी आई हसली नाही. "लोकांची मुलं आधी आई म्हणतात," एवढंच म्हणाली. त्या दिवशी थोरलीला दोन घास जास्त गेले.

दुपारी एक नाव आणि संध्याकाळी दुसरंच, यात धाकटी गोंधळून गेली. मोठ्यांसमोर ती गप्पच राहायची. पावणेदोन वर्षांची झाली तेव्हा तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कान तपासले, समोर वस्तू मांडल्या आणि म्हणाले, "कान ठीक आहेत. पण या वयात नाव घेतलं की मुलं वस्तू दाखवतात. ही दाखवत नाही. लक्ष ठेवावं लागेल."

परतताना नवी आई बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडत होती. थोरली शेजारीच बसली होती. "रड," ती मनात म्हणत होती, "अजून रड."

पुढच्या आठवड्यात धाकटीला ताप भरला. नवी आई रजा घेऊन घरी होती आणि भर दुपारी बाबा औषध आणायला गेले होते. "भीत, भीत," धाकटी घोकत होती. नव्या आईला वाटलं तिला भिंत दाखवायचीय. तिने तिला भिंतीपाशी नेलं, हात टेकवून दिला. धाकटी आणखीच कळवळली. मग तिने दारातल्या थोरलीकडे पाहिलं. घरात तिचं बोलणं कळणारं माणूस एकच होतं.

"भीत!"

थोरली हलली नाही. या बाईला काही कळत नाहीये, हे तिला डोळे भरून बघायचं होतं. दुसऱ्या हाकेलाही ती हलली नाही. तिसऱ्या वेळी धाकटीचा आवाजच निघाला नाही, नुसते कोरडे ओठ हलले. थोरलीने धावत जाऊन पेला भरला आणि तिच्या तोंडाला लावला. धाकटी दोन्ही हातांनी पेला धरून घटाघटा प्यायली.

नवी आई थोरलीकडे वळली.

"भिंत म्हणजे पाणी?"

"हो."

"आणि कात्ती?"

"कात्री. म्हणजे तुम्ही. माझ्या आईचा गाऊन कापलात."

सणकन एक थोरलीच्या गालावर बसली.

"तिचा होता हे मला माहीत नव्हतं!"

"विचारायचं होतं."

"मग तेव्हाच बोलायचं होतंस!"

"बोलले असते तर तुम्ही सॉरी म्हणून मोकळ्या झाला असता."

नव्या आईने बाबांना काही सांगितलं नाही, पण शिक्षा ठरवली: थोरलीने रोज संध्याकाळी तिच्यासमोर बसून एकेक नाव सुलट करून द्यायचं. वर्षभराची मेहनत धाकटीने तीन आठवड्यांत पुसून टाकली. उरलं एकच नाव.

"ते तुमचं तुम्ही शिकवा," थोरली म्हणाली आणि उठून गेली. ते शिकवायला नव्या आईला पुढे चार महिने लागले.

आता धाकटी सहा वर्षांची आहे आणि शाळेत बोलण्याबद्दलच ओरडा खाते. थोरलीने आणि नव्या आईने एकमेकींची माफी मागितलेली नाही. नव्या आईला रडवल्याचं थोरलीला आजही काही वाटत नाही. धाकटीच्या तापातल्या त्या पहिल्या दोन हाकांचं मात्र वाटतं. ते ती कुणाजवळ बोलत नाही.