गुंडीची झोळी

मित्रांनो, दाराआडच्या खिळ्याला अडकवलेली फिकट निळी झोळी दिसते ना, ती मी. आता माझ्यात चिंध्या भरलेल्या असतात. पण एके काळी माझ्यात एक इवलासा जीव बसत असे. त्याची ऊब माझ्या अस्तराला अजून आठवते.

माझा जन्म एका शिंप्याच्या दुकानात झाला. त्यांना सगळे मास्तर म्हणत. दुकानामागच्या दोन खोल्यांत ते आणि काकू राहत. मुलगी लग्न होऊन गेल्यापासून घर मुके झाले होते. मग कुणीतरी कुत्र्याचे तांबूस रंगाचे एक मादी पिल्लू आणून दिले. त्याचे नाक कोटाच्या गुंडीसारखे काळे आणि गोल होते, म्हणून काकूंनी त्याचे नावच गुंडी ठेवले.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लसी पूर्ण होईपर्यंत हिला रस्त्यावर सोडू नका. पण घरात कोंडूनही ठेवू नका. माणसं, गाड्या, आवाज, सगळं आत्ताच दाखवा. नाहीतर मोठेपणी बिचकेल, आणि बिचकलेलं कुत्रं चावतं."

मास्तरांनी त्याच दुपारी कोटाच्या उरलेल्या कापडातून मला शिवले. तळ दुहेरी, पट्टा रुंद. मला गळ्यात अडकवून ते दुकानात मापे घेत. गिऱ्हाइके हात वर करून उभी राहत, गुंडी माझ्यातून डोके काढून त्यांना हुंगत असे. "माणसांची सवय झाली बरं का हिला," मास्तर अभिमानाने सांगत.

पण शिंप्याच्या दुकानात माणूस हलतो कुठे? "हलू नका" असे मास्तरच प्रत्येकाला बजावत. गुंडीला वाटले, माणसे म्हणजे अशीच, खांबासारखी. एक दिवस शेजारची मुलगी उड्या मारत दुकानात शिरली आणि गुंडीने तिला दात दाखवले.

त्याच सुमारास मास्तरांच्या लेकीला आमच्या गावात नोकरी लागली. तान्हेपण नुकतेच सरलेल्या मुलीला घेऊन ती माहेरी राहायला येणार होती. काकूंच्या पोटात काही राहत नाही. त्यांनी फोनवर सगळे सांगून टाकले.

"बाबा, माझी पोरगी घडीभर स्वस्थ बसत नाही," मास्तरांनी फोन घेताच लेक म्हणाली. "कुत्री गुरगुरणार असेल तर एक तर तिला कुठेतरी द्या, नाहीतर मी भाड्याची खोली बघते."

मास्तर हबकले. दुसऱ्याच दिवशी शाळा सुटायच्या वेळी ते आम्हाला घेऊन थेट फाटकात उभे राहिले. मुलांचा लोंढा अंगावर आला. कुणी शेपटी ओढली, कुणी कान. गुंडी थरथर कापत माझ्या तळाशी दडली आणि मी ओली झाले.

घरी मला पिळताना काकू कडाडल्या, "अहो, नव्या कापडाला आधी कच्चा टाका घालता ना? मग या लेकराला एकदम मशीनखाली कसं धरलंत?"

मास्तरांना ते पटले. तेव्हापासून आम्ही शाळेसमोरच्या रस्त्यापलीकडे, बाकावर बसू लागलो. मुले दिसली की गुंडीच्या तोंडात उकडलेल्या मांसाचा कण पडे. ती कंटाळायच्या आत घरी परत. मग बाक थोडा जवळचा, मग आणखी जवळचा. पुढे तिची शेपटी माझ्या आतून पटपट आपटू लागली. त्या संध्याकाळी मला फार प्रिय आहेत.

लसी झाल्यावर शेजारच्या लाँड्रीवाल्याच्या म्हाताऱ्या कुत्र्याशी ओळख झाली. गुंडीने खेळताना त्याचा कान जोरात चावला. तो एकदाच गुरगुरला आणि पाठ फिरवून बसला. खेळ बंद! दात आवरायचे असतात, हे तिला त्याने शिकवले. ते आम्हा कुणाला जमले नसते.

लेक आली तेव्हा मी खिळ्यावरून पाहत होते. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात मुलीचे बोट. मुलीने बोट सोडवले, किंचाळत धावली आणि अडखळून गुंडीच्या पुढ्यातच पडली. मास्तर मध्ये झेपावले. गुंडी एक पाऊल मागे सरली, खाली बसली आणि मांसाच्या कणासाठी मास्तरांच्या हाताकडे पाहू लागली. पोरगी खदखदून हसली.

लेक थोडा वेळ दारातच उभी होती. मग तिने बॅग खाली ठेवली.

"आई," ती म्हणाली, "माझं सामान कुठल्या खोलीत लावू?"

मित्रांनो, गुंडी माझ्यात मावेनाशी झाली, तेव्हा मला वाईट वाटले होते. आता मास्तरांची नात शाळेत जाऊ लागली आहे आणि गुंडी सकाळी तिला सोडायला जाते, स्वतःच्या चार पायांवर. तुम्ही कधी पिल्लू आणलेत, तर त्याचे लाड जरूर करा. पण त्याला जगाची ओळखही करून द्या. हळूहळू, त्याच्या कलाने. आणि ते थरथरू लागले, तर हसू नका. उचला आणि घरी न्या. जग उद्याही तिथेच असते.