आधी मोठ्या आईला

माझ्या लेकीच्या, संयोगिताच्या दप्तरात डिंकाच्या लाडवांचा डबा सापडला, तेव्हा मला आधी राग आला तो तुपाचा. तेरा वर्षांच्या पोरीने काय खावं, किती खावं, हे मी शाळेत सातवीच्या मुलींना दरवर्षी शिकवते. ‘वयात येताना’ हा तास माझाच. मुख्याध्यापिका तर म्हणतात, बाई, हा विषय तुमच्यासारखा कुणाला जमत नाही.

डबा कुणी दिला विचारलं, तर म्हणाली, मोठ्या आईनं. मोठी आई म्हणजे माझी थोरली जाऊ, आक्का. शेजारीच राहतात, दारात दोन म्हशी, शाळा नववीत सोडलेली. लाडू कशासाठी, विचारलं. संयूनं खाली बघत सांगितलं, पाळी आलीय. सोमवारी.

आज शुक्रवार होता. पाच दिवस पोर माझ्या शेजारी बसून जेवली आणि चकार शब्द बोलली नाही. पॅडचं पाकीट मी वर्षभर कपाटात आणून ठेवलं होतं, तिला जवळ बसवून काय काय सांगायचं तेही ठरवलं होतं. ते सगळं आक्का सांगून मोकळ्या झाल्या. मोठी आई म्हणवून घेऊन बाईचं भागलं नव्हतं! खोटं कशाला बोलू, माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

डबा उचलला आणि तशीच त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. आक्का भाकरी थापत होत्या. पोरीचं वजन वाढतंय, असलं काही चारू नका, असं मी सुनावलं. त्या शांतपणे म्हणाल्या, लाडू दिवसाला एकच देते, बाकी मेथीची भाजी न् वाटीभर हुलग्याचं कढण, तेही पोर निमूट पिते. माझ्या घरात ही मुलगी हुलग्याला तोंड लावत नाही.

“मला का नाही सांगितलंत?”

“शपथ घातली तिनं. म्हणली, आईला कळलं की उद्या वर्गात सांगती.”

मी असं कधी करत नाही, म्हणाले.

“करती की. चार किलोचं कुणी सांगितलं?”

दिवाळीनंतरच्या तासाला मीच सांगितलं होतं. माझ्याच घरी बघा, फरसाण आणि बेकरीचं खाऊन दोन महिन्यांत चार किलो. नाव घेतलं नव्हतं. पण संयू त्याच शाळेत आठवीला आहे, आणि मला मुलगी एकच. मधल्या सुट्टीत पोरी तिला ‘चार किलो’ म्हणून हाक मारतात, हे मला आक्कांच्या तव्यापुढे कळलं. तिचा जेवणाचा डबा हल्ली अर्धा परत यायचा. मी समजत होते, खाण्याला शिस्त लागली.

घरी येऊन मी तिच्यासमोर बसले. चुकलं माझं, म्हणाले.

“तुझं काही म्हणजे काही, वर्गात पुन्हा बोलणार नाही.”

“शप्पथ?”

“शप्पथ.”

तिनं नकारार्थी मान हलवली.

“इथं नको. मोठ्या आईसमोर घे.”

तेव्हाही मला आक्कांचा हेवाच वाटला. मी चपला घातल्या आणि तिच्या मागोमाग निघाले.