ब्रदर लेस्टरची धूरहारी गोळी

प्रार्थना केव्हाच संपली होती. आत सगळ्यांच्या जेवणाचं, भट्टीत भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश गार होत होतं, तरी अख्खं टॅमरॅक फॉल्स गाव मिनेसोटाच्या त्या हाडं फोडणाऱ्या थंडीत, चर्चच्या आवारात नाकं लाल करून उभं. मधोमध आर्विडकाकांची नुकतीच सुरू केलेली व्हॅन फुरफुरत होती. तिच्या धुराड्याशी रुमाल धरून फिरता उपदेशक ब्रदर लेस्टर!

"बघा लेकरांनो, पाप बघा!" रुमालावर काळा, ओला डाग. दर्प असा, की बायकांनी मफलर नाकाशी नेले.

मग त्याने टाकीत चंदेरी गोळी सोडली आणि सूर लावला,

"धूर धूर धावला, देवानं गिळला,
गोळीच्या पोटी स्वर्ग मिळाला!"

कडव्यांमागून कडवी, टाळ्यांवर टाळ्या. इंजिन आपलं चालूच. शेवटी नवा रुमाल धरला, तर बर्फासारखा पांढरा! वाससुद्धा नाही.

"आता गाडीखालची, धुराच्या वाटेतली ती लोखंडी पेटी कशाला?" लेस्टर लोण्यासारखा म्हणाला. "कृपेचा कोंडमारा होतो तीत. मी फुकट कापून नेतो."

आर्विडकाकांनी किल्ली पुढे केलीसुद्धा.

सॉल्वेग गर्दीतून पुढे सरसावली. याच व्हॅनमधून गावची मुलं दर रविवारी येत. त्यात काकांची नात मारेन, खिशात दम्याचा पंप घेऊन. आणि अशाच पेट्यांच्या आतले धातूचे कण घडवणं, हेच तर शहरातल्या प्रयोगशाळेत सॉल्वेगचं काम.

"काका, थांबा!"

"अगं पोरी, डोळ्यांनी पाहिलं मी!"

"मीही पाहिलं. पण प्रार्थनेच्या वेळी इंजिन उबेला लावलं नव्हतं का?"

काका चपापले. या गावात माणूस एक वेळ जेवायचा विसरेल, पण इंजिन उबदार ठेवणारी, गाडीच्या नाकातली वायर भिंतीतल्या विजेला लावल्याशिवाय गाडी सोडणार नाही. "ब्रदर म्हणाले, विजेनं कृपा उडते. सगळ्यांनीच काढल्या वायरी."

"म्हणजे हिल्डुरमावशी, तुमचीही गाडी गारठलेली! करा सुरू. गोळी नको, नुसतं गाणं म्हणू."

पहिला रुमाल काळाकुट्ट. मग गाणं.

"जरा भरभर म्हणा गं," मावशी करवादल्या, "हॉटडिशचा दगड होतोय!"

गाणं संपलं. दुसरा रुमाल पांढराशुभ्र.

"शे... शेजारच्या गाडीची कृपा लागली," लेस्टर पुटपुटला.

"सर्दीसारखी?" मावशींनी विचारलं, आणि आवारात हशा पिकला.

"पेटीत प्लॅटिनम, पॅलेडियमचे कण असतात, डोळ्यांना न दिसणारे," सॉल्वेग म्हणाली. "विषारी धूर त्यांना शिवला की निवळतो. पण तापल्याशिवाय ते कामाला लागत नाहीत. आपणही सकाळी कॉफीशिवाय कुठे हलतो? कमी उबेतही जागी होईल अशी धातूंची मिसळण आम्ही शोधतोय. ब्रदरच्या गाण्यानं फक्त वेळ काढला, तेवढ्यात पेटी तापली. आणि फुकट का नेतात? हे धातू सोन्याच्या पंगतीतले आहेत!"

लेस्टर आपल्या ट्रककडे सटकला. ट्रक पहिल्याच फटक्यात सुरू झाला.

"आजोबा, वायर!" मारेन ओरडली.

ट्रकच्या नाकातून निघालेली वायर चर्चच्या भिंतीला नीट लावलेली होती. घाईत ती काढायची राहिली. ताडकन तुटली, आणि शेपटीसारखी बर्फात फरफटत गेली.

"स्वतःच्या इंजिनाला मात्र ऊब!" काकांनी किल्ली खिशात टाकली. "पोरी, मी पेटी कापू द्यायला निघालो होतो गं."

"डोळ्यांनी दिसलं, तरी एवढंच विचारायचं काका, गोळी नसती तर काय झालं असतं? आणि करून बघायचं."

व्हॅन संथ गुणगुणत होती. मारेनने तिच्यामागून पळत जाऊन छातीभर हवा घेतली, आणि पंप खिशातच राहिला.