दोन संस्थांचा एकच मर्डो

मंचामागच्या खोलीत पाऊल टाकलं आणि इशबेल रेनीचं डोकंच फिरलं. तिथे मर्डो बसला होता, उसना कोट घालून, आणि त्याच्या शेजारी फर्गस.

"हा माझ्याबरोबर आलाय," इशबेल म्हणाली. "मी बोलावलंय त्याला."

"मीही बोलावलंय," फर्गस म्हणाला. "झोपतो माझ्याकडे तो."

"आणि जेवतो कुठे? तुझ्या उशीवर?"

मर्डोने खांदे उडवले. "दोघांनी बोलावलं, दोघांना हो म्हणालो. तुमची कुस्ती लावलीय हे मला काय ठाऊक, पोरी?"

कुस्तीच होती ती. स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातल्या एका गडगंज प्रतिष्ठानाने यंदा अनुदान वाटायची नवी टूम काढली होती. शहरातल्या बड्या लोकांना जेवायला बोलवायचं, त्यांच्यापुढे संस्थांनी एकेक करून मंचावर यायचं, आपल्यामुळे तरलेला एखादा माणूस सोबत आणायचा, आणि ज्याच्या कहाणीला जास्त हात वर होतील त्या एका संस्थेला पैसे. इशबेलचं अन्नछत्र आणि फर्गसचा बेघरांचा निवारा, दोघांचीही पालिकेची मदत वसंतातच बंद झाली होती. आज जो हरेल त्याच्या दाराला हिवाळ्याआधी कुलूप लागणार होतं. त्यामुळे एरवी रोज चहा प्यायला येणारा फर्गस महिनाभर तिच्याकडे फिरकला नव्हता.

कार्यक्रम सांभाळणाऱ्या मिसेस प्रिंगल लगबगीने आत आल्या. प्रकार कळल्यावर त्यांना हसू आवरेना.

"अय्या, एकच माणूस! पण नियमाप्रमाणे त्यांना एकाच संस्थेबरोबर उभं राहता येईल हं. मर्डो, तुमचा जीव खरा कुणी वाचवला, सांगून टाका बरं."

"बाई, सूप नसतं तरी मेलो असतो आणि छप्पर नसतं तरी मेलो असतो," मर्डो म्हणाला. "कशाने मेलेलं बरं दिसलं असतं, ते तुम्हीच सांगा."

"मंचावर असं नका हं बोलू. थोडं रडू आलं तर मात्र चालेल."

इशबेलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण बसस्टँडवर काढलेल्या थंडीतल्या रात्रींचं जरा सविस्तर सांग, असं काल तिनेच मर्डोला पढवलं होतं. भीक नको पण कुत्रं आवर म्हणायची वेळ आली होती, आणि तिला तर ते कुत्रं आपणच सोडल्यासारखं वाटलं.

तिचं नाव पुकारलं गेलं. तिने फर्गसची बाही धरली.

"चल."

"माझी पाळी नंतर आहे."

"नंतर कसली? आत्ताच आहे. मर्डो, तूही चल."

तिघं दिव्यांच्या झोतात उभी राहिली. समोर मेंढीचं भाजलेलं मटण वाढलं जात होतं.

"आमच्या संस्था दोन आहेत, माणूस एकच आहे," इशबेल म्हणाली. "तो रडणार नाही. तुम्ही जेवताय आणि त्याने उपासमारीची गोष्ट सांगायची, हे आम्हाला जमणार नाही. द्यायचे तर पैसे दोघांना द्या, नाहीतर ठेवा तुमच्यापाशी."

कुणीतरी टाळी वाजवली आणि एकटंच पडल्यावर थांबवली. अध्यक्षांनी हे नियमात बसत नसल्याचं गोड शब्दांत सांगून दोघांनाही बाद केलं. पैसे गेले एका गायनमंडळाला. दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथे भांडण मिटलं तरी लाभ तिसऱ्याचाच झाला! मर्डो मात्र रिकामी खुर्ची बघून बसला होता आणि दुसऱ्या कुणाचं तरी मटण शांतपणे संपवत होता. त्याला उठवायची कुणाची छाती झाली नाही.

बाहेर नदीवरून बोचरा वारा येत होता.

"मी तुला बुडवलं, फर्गस."

"एकटा कुठे बुडालोय? तू आहेस की." तो तिच्याबरोबर चालू लागला. "दोन जागांची दोन भाडी आपण कशाला भरतोय गं? तुझी पातेली माझ्या तळघरात मावतील."

"तुझ्याकडे स्वयंपाकाचा परवाना नाही."

"नाही. आणि मागितला तर मिळेपर्यंत हिवाळा सरेल."

"पालिकेवाले तपासणीला माणूस पाठवतील."

"पाठवतीलच."

इशबेलने कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली.

"मग सोमवारीच येऊ दे त्याला. सोमवारी मसुराचं सूप असतं. पहिला वाडगा त्याच्याच हातात देते, आणि मागची रांग दाखवून विचारते, यातल्या कुणाला उपाशी घालवू, ते तूच सांग."