घोळबाईबद्दल लोकांचं मत

चष्म्याची काच अर्धीच घासून झाली होती, तेवढ्यात तिनं मशीन बंद केलं. चाकावरची पाण्याची धार थोडी रेंगाळली आणि थांबली. पडद्यापलीकडे, दुकानाच्या पुढच्या भागात, कोणीतरी टीव्हीकडे बघून बोलत होतं.

"असली बायको मिळाली असती ना, तर मी घरीच गेलो नसतो. बसमध्येच पथारी टाकली असती."

आवाज शाळेच्या बसच्या ड्रायव्हरचा होता. त्याच्या चष्म्याची काडी दर महिन्या-दोन महिन्यांनी तुटायचीच.

"अहो, बायको जरा घोळ घालणारी असली की घर हसतंखेळतं राहतं," तिचा नवरा म्हणाला. "आमच्याकडेच बघा की."

दोघंही हसले. टीव्हीतले लोकही नेमके तेव्हाच हसले. ती काचेची कड अंगठ्यानं चाचपत उभी राहिली. मशीन पुन्हा सुरू करायचं तिच्या लक्षातच आलं नाही.

'दार उघडंच आहे' ही मालिका त्यांच्या लग्नाच्या सुमारास लागायची. कुठल्याशा वाहिनीनं ती आता रोज दुपारी पुन्हा दाखवायला घेतली होती आणि चष्म्यासाठी थांबलेल्या गिऱ्हाइकांचा वेळ जावा म्हणून नवऱ्यानं दुकानात टीव्ही लावला होता. मालिकेत एक कारकून, त्याची बायको, त्याची बहीण आणि सदान्‌कदा घरात शिरणारे शेजारी. बायको पाहुण्यांना भलत्याच दिवशी बोलवायची, किल्ली आत ठेवून दार ओढून घ्यायची, साहेबांच्या बायकोला साहेबांची आई समजून पाया पडायची. मग नवरा कपाळाला हात लावून म्हणायचा, "घोळबाई, आता काय केलंत?" आणि हशा पिकायचा.

लग्नानंतरच्या त्याच दिवसांत तिच्या हातून एका निवृत्त हेडमास्तरांच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे बसली होती. हेडमास्तर पायरीवरून पडता पडता वाचले आणि तरातरा दुकानात आले. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. नवऱ्यानं चष्मा हातात घेतला, कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "काय करणार सर, आमच्याही घरी एक घोळबाई आहे." सगळे हसले. हेडमास्तरही हसले. प्रसंग निभावला. चूक तिचीच होती, त्यात वादच नव्हता. तीही हसली होती.

नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. नणंदेनं त्याची घोळवहिनी केली, भाच्यांनी घोळमामी. काचा पुरवणाऱ्याकडची माणसंसुद्धा फोनवर विचारायची, "घोळवहिनी आहेत का?" इतक्या वर्षांत तिच्या हातून दुसरी काच चुकीची बसली नव्हती, पण त्याचा आणि नावाचा संबंध केव्हाच तुटला होता. कोणी विचारलं असतं तर तिनं शपथेवर सांगितलं असतं की तिला त्याचं काही वाटत नाही.

आता मात्र तिला चैन पडत नव्हतं. मालिका सुरू झाली की तिचे कान पडद्यापलीकडे लागायचे. गिऱ्हाइकं फ्रेम नाकावर चढवत, आरशात मान वळवत, घोळबाईबद्दल काहीबाही बोलायची आणि बोललेला शब्दन् शब्द तिच्या अंगाला येऊन लागायचा.

लग्न ठरलेली एक मुलगी पातळ काड्यांची फ्रेम शोधत होती. ती म्हणाली, "हा माणूस जरा अतीच करतो, नाही?"

"विनोद आहे तो," नवरा म्हणाला.

"हो, पण सगळे विनोद त्याचेच. तिच्या वाट्याला एकही नाही."

पडद्याआड तिला बरं वाटलं. मग लगेच त्या मुलीचा राग आला. कालची पोर, हिला काय माहीत संसार कशाशी खातात? मग पुन्हा वाटलं, बोलली ते खोटं नव्हतं. तिनं स्टुलावरून उठून धुतलेलं फडकं पुन्हा धुतलं.

निवृत्त पोस्टमास्तरांचं मत वेगळं पडलं. "मालिका तिच्यावरच चालली हो. ती आली की आमची आई हातातलं काम टाकून पळत यायची. बाकीच्यांची नावंही आठवत नाहीत."

आणि समोरची शिंपीणबाई, सुईत दोरा ओवता येत नाही म्हणून नंबर तपासायला आलेली, म्हणाली, "मला विचाराल तर ती बाई वेडी नाहीच. वेड पांघरते. आमच्या चुलत सासूबाई अशाच. दोनचार कपबश्या फोडल्या लग्नानंतर, मग जन्मभर कोणी त्यांना काम सांगितलं नाही."

यावर नवरा इतका हसला की त्याला ठसका लागला. तिलाही हसू आलं, पण ते ओठांपर्यंत येऊन विरलं. तिनं कुठे काय पांघरलं होतं? सकाळी शटर वर गेल्यापासून ती या स्टुलावर होती. पांघरलं असेल तर ते दुसऱ्याच कोणीतरी तिच्या अंगावर घातलेलं.

रात्री जेवताना ती एकदम म्हणाली, "ती बाई दर वेळी चुकत नाही. काल घराचं भाडं वाढणार म्हणून तीच आधी सांगत होती. कोणी ऐकलं नाही."

"कोण बाई?" नवऱ्यानं विचारलं.

ती ताटातलं संपवून उठली.

या अस्वस्थतेला आणखी एक कारण होतं. काचांचा पुरवठादार मागच्या खेपेला आला तेव्हा त्यानं एक गोष्ट काढली होती. त्याच्या शहरातल्या कारखान्यात नवी मशीनं आली होती, सगळं आपोआप घासणारी. पण जाड नंबराच्या आणि वेड्यावाकड्या फ्रेमच्या काचा अजून हातानंच घासाव्या लागत आणि नव्या मुलींना ते जमत नव्हतं. वहिनींनी तीन महिने येऊन शिकवलं तर? त्यांची मुलगी तिथेच राहते, म्हणजे राहण्याचीही अडचण नाही.

"न्या की," नवरा म्हणाला होता. "पण आधी कारखान्याचा विमा उतरवून ठेवा."

पुरवठादार हसला. जाताना मात्र पायरीवर थांबून तिला हळूच म्हणाला, "वहिनी, मी थट्टा करत नाहीये. पुढच्या खेपेला सांगा."

तेव्हापासून तिनं ना हो म्हटलं होतं, ना नाही. मुलीनं फोनवर विचारलं तर म्हणाली, "बघू." रोज सकाळी ठरवायची की आज विषय काढू आणि दुपार झाली की मालिका लागायची.

मालिका संपत आली तसा दुकानात एक नवाच वाद सुरू झाला. शेवट काय होतो?

"शेवटी तो सगळ्यांसमोर तिची माफी मागतो," नवरा म्हणाला. "मला लख्ख आठवतंय."

"छे. तिला लॉटरी लागते," ड्रायव्हर म्हणाला.

पोस्टमास्तरांना आठवत होतं की दोघं सहलीला निघतात आणि ती तिकिटं घरी विसरते. शिंपीणबाई म्हणाली, तिला मूल होतं, जुळं.

तिनं शेवट पाहिलाच नव्हता. मुलगी झाली त्या हिवाळ्यात टीव्हीसमोर बसायला सवड कुणाला होती? त्यामुळे या चौघांचं बोलणं ती जीव टांगणीला लागल्यासारखी ऐकायची. माफी मागितली तर बरं, असं कधी वाटायचं. कधी वाटायचं, लॉटरीच लागू दे. माफीचं काय करायचंय?

मग एका दुपारी मालिकेतला नवरा शेजाऱ्याला म्हणाला, "घोळबाई बहिणीकडे गेलीय." हशा झाला आणि गोष्ट पुढे सरकली.

"येईल उद्या," ड्रायव्हर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी कोणी तिचा विषयही काढला नाही. शेजारी येत राहिले, साहेब जेवायला आले, नणंदेचं लग्न जमलं. किल्ली कोणी आत विसरलं नाही. पाहुणे ठरल्या दिवशी आले. हसणारे तेवढ्याच जोरात हसत होते. दुकानात ती आता पडद्याआड थांबत नसे. बाहेर येऊन फ्रेमच्या कपाटाला टेकून उभी राहायची आणि नवराही तिला "काय गं, काम नाही का?" असं विचारत नसे.

शेवटच्या भागाच्या दिवशी दुकानात चिटपाखरू नव्हतं. मालिकेतला कारकून घरी आला, चपला काढल्या. बहिणीनं चहा दिला. त्यानं पगारवाढीवर काहीतरी विनोद केला. शेजारी हसले, सगळे एका रांगेत उभे राहून हात हलवू लागले आणि नावं वर सरकली. त्या रांगेत ती नव्हती. साबणाची जाहिरात सुरू झाली.

नवरा रिमोट हातात धरून बसून होता.

"सोडून गेली असेल ती नटी," तो म्हणाला. "काहीतरी बिनसलं असेल."

"असेल."

"पण मला लख्ख आठवत होतं."

तिनं कपाटाच्या काचेवरचा बोटांचा ठसा पदरानं पुसला. "मी तीन महिने जाणार आहे," ती म्हणाली. "काचवाल्यांना मीच फोन करते."

तो जाहिरातीकडे बघत राहिला. विम्याचं बोलेल, असं तिला वाटलं. तो बोलला नाही. संध्याकाळी दोघांनी मिळून शटर ओढलं आणि ते घरी गेले. रात्रभर ती या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली. तोही जागाच आहे, हे तिला त्याच्या श्वासावरून कळत होतं.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर आला. काडी शाबूत होती, तो नुसताच आला होता.

"काल राहिलं बघायचं. काय झालं हो शेवटी?"

ती आत स्टुलावर होती. मशीन बंद होतं.

नवरा काउंटरवरची एक फ्रेम उचलून पुसू लागला असावा. फडक्याचा आवाज आला. "दुकानात गर्दी होती," तो म्हणाला. "मी नाही पाहिला."

"आं? आता कुठे कळायचं मग?"

"नाही कळलं तर काय बिघडतं?"

ड्रायव्हर जरा वेळ थांबला, हवापाण्याचं काहीतरी बोलला आणि गेला. टीव्हीवर कुठलीतरी दुसरीच मालिका लागली होती. नवऱ्यानं ती बंद केली. मग पडदा सरकला आणि तो आत आला. या खोलीत तो सहसा यायचा नाही. डबीत फ्रेम आणि नंबराची चिठ्ठी घालून पडद्याखालून सरकवायचा. आता तो दारातच घुटमळला. काचांच्या खोक्यांकडे, भिंतीवर उडालेल्या पांढऱ्या शिंतोड्यांकडे जणू पहिल्यांदाच बघत होता.

"काचवाले कधी निघायचं म्हणाले?"

"एक तारखेला."

"हं." त्यानं मशीनच्या झाकणावर हात ठेवला. हात काढला. "आणि हे... हे सुरू कसं करतात?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. थट्टेच्या वेळी त्याची डावी भुवई वर जायची. ती जागच्या जागी होती.

ती स्टुलावरून उठली. तो बसला. स्टूल त्याला बुटकं होतं, गुडघे टेबलाच्या फळीला लागले.

"आधी पाणी," ती म्हणाली. "मग बटण."

त्यानं तोटी फिरवली. धार सणसणत आली, चाकावर आपटून दोघांच्याही अंगावर उडाली. तो दचकून मागे सरला, चष्म्यावर थेंबच थेंब.

"कमी करा. एवढी नको."

त्यानं तोटी उलटी फिरवली. धार बारीक झाली. ओला चष्मा न पुसताच तो मान वर करून, ती पुढचं काय सांगते याची वाट बघत राहिला.