शिवकांताचा डावा तळहात

मित्रांनो, मी चार हातांचा एक जुना रोबो आहे. पण यातला एकही हात मला स्वतःहून उचलता येत नाही. काही वर्षे मी पुण्यात राबलो. तिथे नवे यंत्र आले, तेव्हा मला लातूरच्या या रुग्णालयात आणले. ‘जुनं ते आपल्याकडं’ अशी कुजबुज मी ऐकली. डॉ. मंजुषांनी मात्र माझा एकेक सांधा तपासून घेतला. त्या समोर बसून बोटे हलवतात, तसे माझे हात चालतात. स्तनातला रोगट भाग आम्ही काखेजवळच्या लहानशा छेदातून काढतो; छातीवर मोठा व्रण राहत नाही.

उदगीरच्या शिवकांताला उजव्या बाजूला कर्करोगाची गाठ होती. शस्त्रक्रियेच्या सकाळी, माझ्या खोलीच्या दाराशीच, परिचारिकेने गळ्यातले सगळे काढायला सांगितले. मंगळसूत्र उतरले. छातीवरची चांदीची डबी मात्र सासूने, कमलम्मांनी, मुठीत धरली. तिच्यात शिवकांताचे, लिंगायत रीतीने अंगावर धारण केलेले इष्टलिंग होते. तेव्हापासून ते कधी अंगावेगळे झाले नव्हते.

“लिंग उतरायचं न्हाई म्हंजी न्हाई. चल घरी. औषधानं हुईल बरं.”

“आत्या, माझी आई ह्याच दुखण्यात औषधावरच राहिली अन् गेली,” शिवकांता म्हणाली. “मी न्हाई यायची घरी.”

“मावशी, आमचं उपकरण विजेवर चालतं,” डॉक्टरांनी समजावले. “धातूमुळं भाजू शकतं. आणि छातीवर तर काहीच ठेवता येत नाही.”

शिवकांताने स्वतःच डबी उघडली. “चांदी ठेवा बाजूला. रोज पूजेला लिंग डाव्या तळहातावर घेते, आज बी तिथंच राहील. तो हात रिकामाच हाय की, बाई?”

“त्याचं एक बोट लागेल, नाडी बघायला. बाकीचा तुमचा.”

“घ्या एक बोट,” कमलम्मा फणकारल्या. “पण पट्टी घट बांधा. हिच्या हातून पितळी बी सुटती!”

निर्जंतुक कापडात गुंडाळलेले लिंग तळहातावर बांधले गेले. डॉक्टरांनी घाई केली नाही आणि माझा एकही सांधा अडला नाही. शुद्धीवर येताच शिवकांताने मूठ चाचपली, मग विचारले, “निघाली का सगळी?”

“सगळी,” डॉक्टर म्हणाल्या.

पुढच्या वर्षी तिची धाकटी बहीण शिवकन्या आली. तिला गाठ नव्हती. पण आईकडून आलेला कर्करोगाचा मोठा धोका तपासणीत दिसला होता, म्हणून पूर्ण विचार करून तिने दोन्ही स्तनांतला भाग शस्त्रक्रियेने आधीच काढून घ्यायचे ठरवले होते. या वेळी कमलम्माच परिचारिकेला बजावत होत्या, “उजवी बाजू करताना डाव्या हातावर बांधा. डावी करताना उजव्या. इसरू नगा!”

मित्रांनो, माझी निगा राखायला अभियंते येतात; घरातल्या बाईची निगा मात्र घरच्यांनीच राखायची असते. तुमच्या घरातली बाई दुखणे दाखवायला कचरत असेल, तर तिची अडचण हसण्यावारी नेऊ नका. ती नीट ऐकून घ्या, वाट काढा आणि तिला वेळेवर घेऊन या. पुढचे काम करायला आम्ही तयार आहोत.