अर्धवट यंत्र

“आठ पावलं चाललं का चिखल भरते,” धुरपताबाईंनी हातातलं दोन दातेरी ड्रमांचं निंदणाचं यंत्र वर्कशॉपच्या दारात आपटलं. “मंग वाका, बोटानं चिखल काढा, परत चाला. याच्यापेक्षा हातानं निंदलेलं काय वाईट?”

टेकचंदनं वेल्डिंग थांबवलं, पण उठला नाही. समोर मंगल कार्यालयाच्या फाटकाचं काम होतं. “नवे दात बसवून देतो, बाई. उद्या न्या.”

“दाताचं नाई जी दुखनं. अगोदर तुमी दोघंही धानाच्या बांधीत येऊन पाहत होते. आता काहून येत नाई?”

टेकचंदनं वेल्डिंग पुन्हा सुरू केलं. टेबलापाशी बसलेले वासुदेवराव बिलं चाळत राहिले.

लाखनीत हायवेला लागून असलेलं हे वर्कशॉप दोघांच्या भागीदारीचं, बावीस वर्षांचं. टेकचंद लोखंड घडवायचा. वासुदेवराव गावोगाव फिरून यंत्रं विकायचे. विकणं हे निमित्तच. बांधावर बसून ते बायांचं ऐकायचे, कोणाची कंबर धरते, कोणाच्या हाताला फोड येतात, आणि संध्याकाळी टेकचंदसमोर सगळं ओतायचे. ऐकता ऐकता टेकचंदला काहीतरी वेडंवाकडं सुचायचं. पूर्ण सुचायच्या आधीच तो ते बोलून टाकायचा. दहातल्या नऊ गोष्टी भंगारात जायच्या. “जाऊ दे, दहावी घे,” वासुदेवराव म्हणायचे. धुरपताबाईंच्या हातातलं यंत्र असंच जन्मलेलं.

मग शहापूरचा शेतकरी मेळावा आला. टेकचंदनं रोवणीचं छोटं यंत्र अर्धंच बांधलं होतं. वासुदेवराव कौतुकानं ते घेऊन गेले. शे-दीडशे माणसांसमोर यंत्र चिखलात रुतलं, पऱ्ह्यांच्या कोवळ्या रोपांचा चेंदामेंदा झाला, लोक हसले. कोणीतरी विचारलं तेव्हा वासुदेवराव म्हणाले, “मी त नाईच म्हनत होतो. याचंच डोकं.”

एवढंच वाक्य. टेकचंद मागेच उभा होता.

भांडण झालं नाही. चहा रोज एकत्र होत राहिला, टेकचंदच्या मुलीच्या लग्नात वासुदेवराव दारात उभं राहून पाहुण्यांचं स्वागत करत होते. फक्त अर्धवट सुचलेलं काही टेकचंद बोलेनासा झाला. फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या, मळणीयंत्रांची दुरुस्ती. काम भरपूर होतं. तीन वर्षांत नवीन काही झालं नाही.

धुरपताबाई यंत्र ठेवून परत गेल्यानंतर दोन दिवस वासुदेवराव आलेच नाहीत. यंत्रही जागेवर नव्हतं. तिसऱ्या दिवशी ते आले तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली होती. त्यांनी दोन्ही तळहात टेकचंदसमोर धरले. फोड फुटले होते. साठी ओलांडलेला, इस्त्रीच्या शर्टाशिवाय घराबाहेर न पडणारा माणूस.

“धुरपताबाईच्या बांधीत होतो. दोन दिवस मीच चालवलं. मांगच्या ड्रमात अगोदर गवत गुंडाळते, मंग त्याच्यावर चिखल चिकटते. समोरचा ड्रम साफ राहते. पाहून आलो मी.”

टेकचंदनं त्यांनी परत आणलेलं यंत्र उलटं केलं आणि मागचा ड्रम फिरवून पाहिला.

“आनखी एक,” वासुदेवराव खाली बघत म्हणाले. “शहापूरले मी खोटं बोललो. मी कधीच नाई म्हनलं नव्हतं. लोकं हसले, अन् मले लाज वाटली. तुले एकट्याले उभं केलं मी.”

“माहीत आहे मले,” टेकचंद म्हणाला. त्यानं मलमाची डबी काढून पुढे सरकवली. “हाताले लावा अगोदर.”

त्या आठवड्यात फाटकाचं काम मागे पडलं. मागच्या ड्रमाला त्यानं निमुळता आकार दिला, दात तिरपे केले, चिखल खरवडायला एक पट्टी जोडली. रविवारी दोघं यंत्र घेऊन धुरपताबाईंच्या बांधीत उतरले. बांधावर सात-आठ बाया, रस्त्यानं जाणारे दोन-तीन गडी थांबलेले.

यंत्र वीस पावलं सुरेख चाललं. मग पट्टी वाकली आणि सगळं जाम झालं. बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

“कोनाचं डोकं जी हे?” एका गड्यानं हाक दिली.

टेकचंदचे हात थांबले.

“दोघाचं,” वासुदेवराव दांडा न सोडता म्हणाले. “अन् अजून झालं नाई. पुढच्या आयतवारी या.”

धुरपताबाई बांधावरून उतरल्या. “वीस पावलं त चाललं ना, बाप्पा. अगोदर आठच चाले.”

गडी पांगले, बाया निंदायला लागल्या. टेकचंदनं ड्रम पाण्यात खळबळून धुतला, वाकलेली पट्टी दोन बोटांनी चाचपली. दुपारचं ऊन धानावर पसरलं होतं.

“वासुदेवराव,” तो वर न बघता म्हणाला, “पट्टीच नको. एक गोष्ट डोक्यात येऊन राहिली. नीट सांगता येत नाई अजून. होईल का नाई, तेही माहीत नाई.”

वासुदेवरावांनी यंत्र बांधाला टेकवलं आणि तसेच चिखलाच्या पायांनी ओल्या बांधावर ऐकायला बसले.